चित्राखालचं ‘अहो’

६ फेब्रुवारी, सोमवार

ही ऑर्डरबुकची मागची कोरी पानं. पुढच्या पानांवर यांचं अक्षर आहे, मागच्यांवर आता माझं. आमचं फोटोचं दुकान एक ते चार बंद असतं, हे आतल्या खोलीत कॉटवर पडलेले असतात, आणि मला कुणाशी तरी बोलायला हवंच.

गणपतीत यांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतला एकच मागे राहिला, ‘उद्या’. तीस वर्षं विश्रामबागेतल्या निम्म्या लोकांना यांनी हेच ऐकवलं, ‘फोटो उद्या मिळतील’, आणि नेमकं तेच शिल्लक राहिलं. जेवताय का? उद्या. दुखतंय का? उद्या. सुरुवातीला मी रडत होते, आता चिडते.

आज सकाळी धैर्यशील आले. इथेच एका विम्याच्या ऑफिसात असतात. सोबत त्यांची मुलगी सृष्टी, कॉलेजात शिकते. मूळ गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. सृष्टीने मागच्याच्या मागच्या दिवाळीत गावी आपल्या आजीचं, राहीबाईंचं, मोबाईलवर चित्रण केलं होतं. चांगलं सत्तर मिनिटांचं आहे. त्यानंतर चार महिन्यांत त्या गेल्या. येत्या ५ मार्चला वर्षश्राद्ध आहे.

अडचण आजोबांची. लालासाहेब, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त. तोफांनी कान हळूहळू नेले, आणि बारा वर्षांपूर्वी पूर्णच गेले. मशीन लावलं तर नुसती शिट्टी वाजते म्हणून ते डबीत पडून आहे.

‘वर्ष झालं, तात्या एकच विचारतात,’ धैर्यशील म्हणाले. ‘काय म्हणली रं ती त्यात? आम्ही चार ओळी लिहून दाखवतो. त्यांना सगळं पाहिजे. तिच्या चित्राखाली तिचं बोलणं, जसंच्या तसं.’

मोबाईलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत. गावी मोठा टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्याचा रिमोट तेवढा त्यांना येतो. म्हणजे मोबाईलची फाईल डीव्हीडीत बदलायची आणि खाली मराठी शब्द घालायचे. मी आजवर यांनी केलेल्या डीव्हीडी फक्त कव्हरात घातल्यात. तरी तोंडातून ‘हो’ गेलं. आतून हे म्हणाले, ‘उद्या.’

‘उद्या नको चिंतामणराव,’ धैर्यशील म्हणाले, ‘महिनाभरात दिलं तरी चालेल.’

सहा महिन्यांनी मी दुकानात हसले.

८ फेब्रुवारी, बुधवार

रीत समजली. एका साध्या फाईलमध्ये लिहायचं, अमुक फ्रेमपासून तमुक फ्रेमपर्यंत, आणि खाली शब्द. ती फाईल चित्राला जोडायची. एवढं सोपं, म्हणून सकाळी दहा मिनिटांचं लिहून जोडलं. पडद्यावर राहीबाईंच्या तोंडाखाली चौकोन. बारा-पंधरा रिकामे चौकोन शिस्तीत उभे.

यांना खुर्चीत बसवून दाखवलं. बघितलं आणि नेहमीचं म्हणाले. मी म्हटलं, तुमचा उद्या घाला चुलीत. मग वाईट वाटलं. मग पुन्हा चौकोनांकडे बघितलं आणि वाईट वाटायचं थांबलं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

फॉन्ट बदलला. चौकोन गेले, वेलांट्या पळाल्या. ‘दिवाळी’तली वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. तिसऱ्या फॉन्टला जागेवर बसल्या. पण रिमोटने चालू-बंद होणारी वेगळी शब्दपट्टी काही मला जमेना, म्हणून शब्द चित्रातच कायमचे छापून टाकायचे ठरवलं. पुसता येणार नाहीत, पण हलणारही नाहीत.

१३ फेब्रुवारी, सोमवार

रोज दोन तास राहीबाईंच्या संगतीत जातात. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. असं कुणाचं बोलणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही, यांचंही नाही. बारीक चणीची बाई, डोक्यावरचा पदर एकदाही ढळत नाही. हुलग्याचं माडगं कसं करायचं ते सांगते, औंधच्या यमाईला माहेराहून चालत जायची ते सांगते. टंचाईच्या साली मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरले होते ते सांगते. सुभेदार मागे खाटेवर बसून सुतळी वळत असतात, आणि मध्येच कॅमेऱ्याकडे बघून उगीच मान डोलावतात.

बोली माणातली आहे. मी ती नीट करून घेते, ‘हाय’चं ‘आहे’, ‘न्हाई’चं ‘नाही’. लेखी म्हटल्यावर नीटच हवं.

चार मिनिटं बारा सेकंदांवर मात्र अडले. राहीबाई चहाची कपबशी घेऊन खाटेपाशी जातात आणि पाठमोऱ्या सुभेदारांना म्हणतात, ‘लाला, च्या घे.’

तीनदा ऐकलं. लाला. घे. नवऱ्याला, नावाने, आणि एकेरीत. सत्तरीची बाई, तीही त्या गावात. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. शेवटी मी लिहिलं, ‘अहो, चहा घ्या.’

दुसरं काही लिहायला हात उचललाच नाही. गेलेल्या बाईची आब राखायला नको का? पुढेही जिथे जिथे ‘लाला’ आलं, तिथे मी ‘अहो’ घातलं. कुठे नुसतं ‘तुम्ही’. कुठे गाळलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक्कावन्नावं मिनिट ऐकलं. सकाळपासून कशात लक्ष नाही.

सृष्टी विचारते, ‘आज्जे, तू आज्जाला नावानं हाक मारतीस?’ राहीबाई तोंडाला पदर लावून हसतात. मग सांगतात. त्यांचं बोलणं आहे तसं इथे उतरवून ठेवते, कारण त्या डीव्हीडीत ते जाईल असं वाटत नाही.

‘कान हुतं तवर एकदाबी नाव घेतलं न्हाई बग. लग्नात उखाण्यात घेतलं, त्येबी सासूनं चिमटा काढला तवा. चाळीस वरसं आवं आन ह्ये. मग ह्यंचं कान गेलं. एक दिस भाकरी थापता थापता म्हणून बगितलं, लाला. वळलंच न्हाईत. मग रोजच म्हणाया लागले. त्वांडाला गोड लागतंय गं. आईबापानं ठेवलेलं नाव, समद्या गावानं घ्यायचं आन मीच न्हाई व्हय? सकाळी ह्ये दाढी करत्यात, मी मागं हुभी ऱ्हाऊन म्हणती. लाला, लाला.’ मग, ‘सांगू नगंस हां त्यास्नी. जीव दिउन टाकीन मी लाजंनं.’

मग म्हणतात, ‘हे बग आता.’ आणि सुभेदारांच्या पाठीकडे तोंड करून हाक मारतात, ‘लाला.’ ते सुतळी वळत राहतात. राहीबाई सृष्टीकडे बघतात, बघितलंस ना, अशा. त्यांचा तो चेहरा मी थांबवून ठेवला आणि बराच वेळ बघत बसले.

धैर्यशीलना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘आम्ही सगळेच ऐकत आलोय वहिनी. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तात्या सोडून. पण आईनं सांगू नको म्हटलंय. आणि कळलं तर तात्यांना वाटेल, बायको पाठीमागं आपली टिंगल करत होती. राहू दे ते.’

मलाही तेच बरं वाटलं, का ते माहीत नाही. त्या दोन मिनिटांखाली लिहिलं, ‘राहीबाई नातीशी गप्पा मारत आहेत.’

२० फेब्रुवारी, सोमवार

सगळं छापून डीव्हीडी केली आणि लावली. सुरुवातीला शब्द आणि ओठ बरोबर, पण अर्ध्या तासाला शब्द मागे पडलेले. राहीबाई मेंढरांना हाकतायत आणि खाली येतंय, ‘गूळ शेवटी घालायचा.’

मी डोकं धरून बसले. यांनी डाव्या हाताने माझी बाही ओढली. दोन बोटं दाखवली, मग पाच. मी म्हटलं, पंचवीस काय? काय हवंय तुम्हाला? उद्या, उद्या, म्हणत पुन्हा दोन आणि पाच. मी उठून दुसरीकडे गेले. तासाभराने डोक्यात लख्ख पडलं. मोबाईलमध्ये एका सेकंदाला तीस चित्रं, म्हणजे फ्रेम, डीव्हीडीत पंचवीस. मी शब्द चित्रं मोजून बसवले होते, सेकंद मोजून नाहीत. हे सांगत होते आणि मी यांच्यावरच खेकसले.

वेळा पुन्हा बसवल्या. आता ओठ हलला की शब्द. यांना थँक्यू म्हणायचं राहून गेलं. रात्री म्हणेन म्हटलं तर यांना झोप लागली होती. मी हल्ली बाहेरच्या खोलीत झोपते, यांना मोकळं पडता यावं म्हणून.

२२ फेब्रुवारी, बुधवार

धैर्यशील डीव्हीडी घेऊन गेले. इथे दहा मिनिटं बघितली, डोळे पुसले. माझं पहिलं काम. जरा मिरवावंसं वाटतंय.

२७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी दुकान बंद करणार तेवढ्यात एक उंच म्हातारा पायरीवर उभा. पांढरा सदरा, इस्त्रीचा पायजमा, दाढी गुळगुळीत. मी चेहरा ओळखला, कारण पंधरा दिवस तो माझ्या पडद्यावर सुतळी वळत होता. दहिवडीहून एकटे एसटीने आले होते, विट्याला गाडी बदलून. घरी सांगितलेलं नाही.

‘डीव्हीडी तुमीच केली न्हवं बाई?’ आवाज मोठा, स्वतःला ऐकू येत नाही त्याचा. मी मान हलवली. त्यांनी खिशातून डायरी काढून काउंटरवर ठेवली. प्लेअरवर जे आकडे दिसतात ते शिस्तीत एकाखाली एक उतरवलेले. ४.१२. ९.३०. ११.०५. एकूण एकवीस.

‘ह्या एकवीस ठिकाणी तिचं त्वांड एकसारखंच हलतंय,’ सुभेदार म्हणाले. ‘मी सहा येळा बगितलं. जीभ वर जाती, दाताला लागती, पुन्यांदा जाती. दोनदा. आन तुमी खाली लिवताय कुटं अहो, कुटं तुम्ही, आन आठ ठिकाणी कायबी न्हाई. अहोला ओठ गोल व्हत्यात बाई. मला कान न्हाईत, डोळं हायत.’

त्यांनी पान उलटलं.

‘आन हितं एक्कावन्न मिंटाला, दोन मिंटं तिचं त्वांड चाललंय, आन तुमी लिवताय गप्पा मारत आहेत. त्या गप्पा मलाबी दिसत्यात की. आन भाषा ही कुणाची? माझी मंडळी अशी बोलायची न्हाई. असं तर तहसीलदार बोलतोय.’

मी ऑर्डरबुकवर लिहिलं, ‘आवाज नीट ऐकू आला नाही.’ खोटं. वाचून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ते पान उलटं केलं.

मग ते बाकावर बसले. हे काठी टेकत आतून आले, शेजारी बसले. एकाला ऐकू येत नाही, एकाला बोलता येत नाही, दोघं जुन्या ओळखीचे असल्यासारखे. सुभेदार बोलायला लागले तेही यांच्याकडे बघून, माझ्याशी बोलणं बहुधा अवघड गेलं असतं.

‘मला हे त्वांड ठावं हाय. मी सकाळी दाढी करताना ही मागं येऊन हुभी ऱ्हायची. आरशात दिसायची. हेच म्हणायची, दोनदा. मी वळलो की गप. म्हणलं, बहिऱ्याला वैतागली बाई. शिव्या देती. देऊ दे, भाकरी तर येळंवर देतीया. पर एका माणसानं रोज शिवी द्यायची आन आपण तिच्या म्होरं बसून जेवायचं, जड जातंय गड्या. मी माझी खाट वसरीला काढली. धा-अकरा वरसं तिकडंच. सरतीला आजारी हुती तवाबी तिकडंच.’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘आता ती न्हाई. शिवी असली तर शिवी, पर कोणती ते कळू द्या. तेवढं घेऊन ऱ्हाईन.’

मी यांच्याकडे बघितलं. यांनी सुभेदारांच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, ‘उद्या.’

ओठांवरून त्यांना तो शब्द कळला. मान डोलावली, डायरी माझ्यापुढे सरकवली आणि उठले. ‘उद्या न्हाई जमलं तर पाच तारखंच्या आदी,’ म्हणाले. मी त्यांना स्टँडवर सोडायला रिक्षा करून गेले. सबंध वाटेत मी त्यांना एक शब्द लिहून दाखवू शकले असते. वही हातात होती. दाखवला नाही.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

काय करू, कळत नाही. बाई म्हणून गेली सांगू नकोस. लेक म्हणतो सांगू नका. आणि तो माणूस बारा वर्षं मनात शिवी घेऊन जगला, शिवी नसताना. ती नाव घेत होती, आणि तो खाट लांब नेत होता.

माझाही हात आहे यात. बोली मी बदलली, ‘अहो’ मी घातलं, कुणी सांगितलं नव्हतं. आब राखते म्हणत होते. कुणाची राखत होते? माझी मलाच लाज वाटत होती, हे खरं. त्या बाईला जे तोंडाला गोड लागत होतं ते लिहायला माझी बोटं भ्याली.

आणि सुभेदारांच्या डोक्यात एकदाही आलं नाही की ते त्यांचं नाव असेल. शिवी येईल, शाप येईल, पण बायको नाव घेईल हे मनातच येत नाही. माझ्या तरी आलं असतं का?

१ मार्च, बुधवार

धैर्यशीलना बोलावून घेतलं. तात्या एकटे इथवर आले होते हे ऐकून आधी माझ्यावरच भडकले. ‘तुम्ही सांगितलं तर नाही ना?’ मी नाही म्हटलं. मग आरशाचं सांगितलं, शिवीचं सांगितलं, ओसरीवरच्या खाटेचं सांगितलं.

ते बाकावर बसले. जिथे सुभेदार बसले होते तिथेच.

‘आम्हाला वाटायचं कानामुळं ते एकटे एकटे राहतात,’ म्हणाले. ‘आई म्हणायची, वाऱ्याला झोपू दे त्यांना, बरं वाटतंय. तिलाही कळलं नाही वहिनी. शेवटच्या महिन्यात ती दाराकडं बघत पडायची.’ रुमाल काढला, तो तसाच हातात राहिला. ‘आता काय करायचं? तिनं सांगू नको म्हटलंय, आणि न सांगावं तर हे असं.’

मी म्हटलं, आपण सांगायचं नाही. त्यांच्या हातात रिमोट द्यायचा. डीव्हीडीत दोन शब्दपट्ट्या घालता येतात, बटण दाबलं की बदलतात. पहिलीत आहे तेच राहू दे. दुसरीत जसंच्या तसं. दाबायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘चिठ्ठी तुम्ही लिहा. मला जमायची नाही.’

३ मार्च, शुक्रवार

आधी शब्द चित्रात छापले होते, ते उपयोगाचे नाहीत. मूळ फाईलपासून सगळं नवं. शब्दपट्टी या वेळी जमली, कारण हे शेजारी बसले होते. चुकलं की बाही ओढायचे आणि डाव्या हाताने दाखवायचे. मी या वेळी उठून गेले नाही.

दुसऱ्या पट्टीत ‘हाय’ला ‘हाय’च ठेवलं, ‘न्हाई’ला ‘न्हाई’. सुभेदारांची डायरी उघडून एकेक वेळ तपासली. ४.१२, लाला, च्या घे. ९.३०, लाला, सरक की जरा, उन्हात बस. ११.०५, लाला, तुजी टोपी कुटं हाय. लिहिताना मी मोठ्याने वाचत होते. हे माझ्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. मी विचारलं, काय झालं? तर काही नाही. उद्यासुद्धा नाही.

चिठ्ठीत लिहिलं: ‘सुभेदारसाहेब, मी तुमच्याशी खोटं बोलले, माफ करा. आवाज स्वच्छ आहे. तुमच्या मंडळींनी एक गोष्ट तुम्हाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं. ती शिवी नाही, एवढं मी माझ्या अंगावर घेऊन सांगते. बाकी सगळं दुसऱ्या पट्टीत आहे. रिमोटवर सबटायटल लिहिलेलं बटण एकदाच दाबा. नको वाटलं तर दाबू नका.’

डीव्हीडी, चिठ्ठी आणि त्यांची डायरी धैर्यशील उद्या सकाळी गावी नेतील.

५ मार्च, रविवार

आज वर्षश्राद्ध. दुकान बंद. दिवसभर फोनकडे बघत होते. काही नाही.

७ मार्च, मंगळवार

सृष्टी येऊन गेली. म्हणाली, जेवणाची पानं उठली, पाहुणे गेले, मग आज्जा आतल्या खोलीत गेला आणि दाराला कडी घातली. सत्तर मिनिटं, मग पुन्हा सत्तर मिनिटं. बाहेर सगळ्यांना आजीचा आवाज ऐकू येत होता, आवाज एवढा मोठा ठेवलेला, त्याला काय कळणार. बाहेर आल्यावर चेहऱ्यावरून काही समजेना. फक्त संध्याकाळी वसरीवरची खाट एकट्याने उचलून आत नेली, जिथे आजीचं अंथरूण असायचं तिथे लावली.

‘बटण दाबलं होतं का गं?’ मी विचारलं.

‘कसं कळणार काकू? कडी होती.’

ती गेल्यावर मी काउंटर दोनदा पुसला. राहीबाईंचा शब्द मी मोडला, हेही खरंच आहे. त्या असत्या तर माझ्याशी बोलल्या नसत्या. खाट आता आत नेऊन काय व्हायचंय, असं मनात येतं.

११ मार्च, शनिवार

पोस्टाने पाकीट आलं. आत सुभेदारांच्या डायरीतली ती दोन पानं, नीट फाडलेली. प्रत्येक वेळेपुढे त्यांनी पेन्सिलीने शेरा लिहिलाय.

४.१२. बरोबर.
९.३०. बरोबर.
११.०५. बरोबर. टोपी खुंटीला होती.

असं खालपर्यंत. मधली एक ओळ सोडून वीस वेळा ‘बरोबर’. दुसऱ्या पानाच्या तळाला लिहिलंय, ‘अक्षर थोडे मोठे चालले असते. बाकी काम समाधानकारक.’ आणि त्याखाली ती सोडलेली ओळ.

५१.४०. इथे मी वळून बघायला पाहिजे होते.

मी ते यांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचली. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी आत जाऊन चहा टाकला. भांड्याकडे बघत बराच वेळ उभी राहिले, इतकी की दूध वर आलं. तीस वर्षं झाली लग्नाला. यांचं नाव पाटीवर आहे, ऑर्डरबुकावर आहे, सगळ्या विश्रामबागेच्या तोंडात आहे. यांना तर सगळं ऐकू येतं.

कप घेऊन दारात आले आणि म्हटलं, ‘चिंतामण, चहा घ्या.’

ते वळले. कपाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोळ्यांत पाणी आणि अर्ध्या चेहऱ्यावर हसू, दुसरा अर्धा अजून हलत नाही. शेवटी म्हणाले, ‘उद्या.’

‘उद्यापण म्हणेन,’ मी म्हटलं. ‘आधी हा प्या, निवतोय.’

आज माझं अंथरूण आत घेते.